आईच्या चित्राच्या वीस प्रती

सनीव्हेल, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी आणि चारुदत्त मजेत आहोत. भाऊजींची कंबर कशी आहे?

आई गेल्यावर अण्णांनी आठवून बटर पेपरवर काढलेलं तिचं चित्र, गहू निवडतानाचं, त्याची छापील प्रत सोबत पाठवतेय. चारुदत्त दर शनिवारी जपानी लाकडी ठशांची छपाई शिकतो. त्यानंच ते कोरलं. क्लासच्या प्रदर्शनात सगळ्यांनी कौतुक केलं. जपानात पूर्वी अशी चित्रं घरोघरी लागायची, म्हणून यानं वीस प्रती काढल्या.

मूळ चित्र मागितलं तर आणखी एक छापील प्रत पुढे केली. शेवटी क्लासच्या जपानी बाईंनीच सांगितलं. कागद लाकडावर उलटा चिकटवतात आणि त्याच्यासकट कोरतात. तो उरतच नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवतात, ताई! मला मात्र "ट्रेस करून परत देतो" म्हणाला होता.

आता विचारतो, "एकाची वीस झाली, प्रॉब्लेम काय आहे?"

दादाला एवढ्यात सांगू नकोस. छपाई खरंच सुरेख आहे, फ्रेम करून लाव. फक्त आईचा हात नीट बघ. तिथे अण्णांची रेघ थरथरली होती ना, ती यानं सरळ केलीय.

तुझीच,
पद्मिनी