दुसऱ्याचं वाचन

शेवचेन्को,
१९ मे १९७८

प्रिय आपा,

तुला सलाम आणि जेझ्देंनाही. तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली नाही तर तो मला मेहुणी मानायचा नाही, म्हणून ती पहिल्याच ओळीत करून टाकते. तू पाठवलेले जर्दाळू मिळाले. निम्मे शेजारणींनी चहाबरोबर फस्त केले आणि वर म्हणाल्या, गेल्या वर्षीचे जास्त गोड होते.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. वारा सुटलाय, तोंडात वाळू येते. आमचं पाणी तपासायचं जहाज परवा वसंतातली फेरी संपवून आलं. त्यावरून माझा नवराही परतला. एर्मेक ठीक आहे.

कणकेचे बाऊरसाक तळून, नवा रुमाल बांधून मी बंदरावर गेले होते. तो शिडीवरून उतरला, माझ्यावरून नजर फिरवली आणि सरळ पुढे निघून गेला. मी हाक मारली तेव्हा कुठे वळला. म्हणाला, "अगं, उन्हानं डोळे दिपले." दिपले असतील, ऊन होतंच. बरोबर ती कराकोझ होती, हिवाळ्यात लेनिनग्राडहून शिकून आली ती. तिनं त्याचा कोपर धरला होता. का, तर म्हणे शिडी ओली होती. मी त्याच शिडीखाली उभी होते, आपा. ठणठणीत कोरडी होती.

पण जाऊ दे. लहान मुलगी आहे ती, तीसची असेल फार तर. मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही. जेझ्देंना गुडघ्याला मेंढीची चरबी चोळायला सांग.

तुझी,
तोरगिन

शेवचेन्को,
२ जून

प्रिय आपा,

सगळ्या पत्रातून तुला एकच गोष्ट दिसली आणि तू विचारलंस, "मुलगी दिसायला कशी आहे?" बहीण आहेस की पोलीस? ऐक तर मग. डोळे तिच्या नावासारखेच, काळेभोर. हसते तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाटल्या किणकिणतात. आणि घरी ऊठसूट कराकोझ असं म्हणाली, कराकोझ तसं म्हणाली. काल एर्मेकनं पियाला भरून वाहीपर्यंत चहा ओतला, चादरीवर सांडला तरी थांबेना. मी म्हटलं, "मन कुठे आहे?" तर नुसता हसला. वर्तमानपत्रसुद्धा आता माझ्याकडून वाचून घेतो. म्हणतो, "तूच वाच, तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो." वीस वर्षांत या माणसाला माझा आवाज बरा वाटला नव्हता! मनात खोट असली की नवरे असे गोड होतात, हे मला तूच शिकवलंयस.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते. माझं काम तुला कधी धड समजलं नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. जहाजावरून बाटल्या समुद्रात खोल सोडतात. प्रत्येकीला दोन थर्मामीटर असतात. ठरलेल्या खोलीवर बाटली उलटते, पाणी आत कोंडलं जातं आणि थर्मामीटरातला पारा तुटून तिथलंच तापमान धरून ठेवतो. पाण्याचा खारेपणा मी इथे काढते. आमच्या समुद्राचं मीठ जगातल्या समुद्रांसारखं नाही, त्याला त्याची वेगळी कोष्टकं लागतात, म्हणून ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती मी देत नाही. थर्मामीटर मात्र जहाजावरच वाचतात, भिंगातून, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत. आणि ते दोघांनी वाचायचे. आधी एकानं, मग दुसऱ्यानं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर पडता कामा नये. हा आमच्याकडे धर्मच आहे. डोळा ज्याचा त्याचा, म्हणून दोघांत कुठे ना कुठे शंभराव्या भागाचा फरक पडतोच. एर्मेक म्हाताऱ्या फ्योदोरबरोबर वाचायचा तेव्हा दोघांचे आकडे नेहमी असे थोडेथोडे भांडायचे.

या फेरीत त्यानं कराकोझबरोबर वाचलं. आपा, एकाही बाटलीला फरक नाही! दोन माणसं आयुष्यभर एका ताटात जेवली तरी त्यांचं इतकं जुळत नाही. एका भिंगाला दोघांनी एकदम डोळे लावल्याशिवाय, गालाला गाल लागल्याशिवाय असं होत नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. या आकड्यांखाली सही माझी लागते आणि ती मी अजून केलेली नाही. आमचे साहेब बेकेन आगा रोज विचारतात, "तोरगिन, झालं का?" मी म्हणते, "पाणी बसू दे, आगा." पाणी कसलं बसतंय, माझंच डोकं उठलंय. जळते मी, आपा. सरळ सांगते, मी जळते. तिच्या वयावर जळते, त्या जहाजावर जळते आणि त्या मेल्या भिंगावरही जळते.

हे पत्र जेझ्देंना वाचून दाखवू नकोस.

तोरगिन

शेवचेन्को,
११ जून

आपा,

काल दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी एर्मेकला प्रयोगशाळेत बोलावलं. थर्मामीटर तपासायच्या हौदात पाणी वीस अंशांवर धरून ठेवलं होतं. त्याच्या हातात भिंग दिलं आणि म्हटलं, "वाच."

"हे काय मध्येच?"

"तुझे आणि तिचे आकडे जुळतात ना? आज माझ्याशी जुळतात का बघू. वाच."

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मग छातीठोकपणे म्हणाला, "चौदा पूर्णांक बत्तीस."

आपा, मी भांडायची तयारी करून आले होते. पण हौदात तर पाणी वीस अंशांवर होतं! मी त्याच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. तो म्हणाला, "हात हलवतेस ते दिसतंय गं. पाऱ्याची रेघ दिसत नाही. सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं." मग खाली बसला.

बंदरावर मी त्याला दिसलेच नव्हते. चहा सांडला तो पियालाही दिसला नव्हता. आणि मी जगाचे थर्मामीटर तपासत बसले होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी विचारलं, "तिला कधी सांगितलंस?"

"सांगितलं नाही, तिनंच ओळखलं. पहिल्याच आठवड्यात. मग आधी ती वाचायची आणि मला हळूच आकडा सांगायची. जहाजावरून उतरवलं तर मी काय करू, तोरगिन? किनाऱ्यावर बसून वाळू मोजू?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सही तू करतेस. तुला सांगितलं असतं तर एक तर तू माझ्यासाठी खोटी सही केली असतीस, नाही तर मला घरी बसवलं असतंस. यातलं काय करायला सांगू तुला?"

उत्तर खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तेवढ्यात कराकोझ आत आली. सगळं समजून भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "तोरगिन आपा, त्यांनी शपथ घातली होती हो."

"शपथ पाळायला तुला माझाच नवरा सापडला?" असं मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी रडलो. तिघांत रडला नाही तो एकटा तोच.

संध्याकाळच्या आत मी काम उरकलं. दुसऱ्या वाचकाचा रकाना लाल शाईनं पूर्ण काट मारून रद्द केला, खाली लिहिलं "एकाच व्यक्तीचे वाचन", आणि सही केली. बेकेन आगांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "शरदाच्या फेरीला दुसरा माणूस बघावा लागेल." मी म्हटलं, "हो आगा, बघावा लागेल." एर्मेक कालपासून माझ्याशी बोललेला नाही. मी त्याला किनाऱ्यावर आणलं, आपा. हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

इथल्या डॉक्टरांनी आज पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आल्मा-आताला न्या म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर दिसेल, पण ते भिंगातलं शंभरावं दिसेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून तुला लिहिते. इतकी वर्षं तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहेस, तुझ्या मोठ्या डॉक्टरांकडे त्याचा नंबर लाव. कराकोझ मूळची आल्मा-आताचीच, ती म्हणाली, "मी घेऊन जाते त्यांना, तुम्हाला कामातून सवड नसेल." मी म्हटलं, "आहे सवड." अजून जळते मी, आपा. तिनं काही वाईट केलं नाही हे कळून चुकलं, तरी जळते. माझ्या माणसाचं मला वीस वर्षांत जे दिसलं नाही, ते तिला एका आठवड्यात दिसलं. ती जळण कुठल्या लाल शाईनं खोडायची?

विमानतळावर आलीस की लांबून हाक मार, पण त्याला नको, मला मार. मी त्याचा कोपर धरून सांगेन, आपा डावीकडे उभी आहे, हिरवा रुमाल बांधलाय.

आणि आणखी एक. पट्टी सोडायची वेळ येईल तेव्हा ती तूच सोडणार, माहीत आहे मला. सोड, आणि लगेच बाजूला हो. डॉक्टरांनाही बाजूला कर. समोर फक्त मी असले पाहिजे. पहिलं तोंड त्याला माझं दिसू दे, मग जगातलं बाकीचं काय बघायचं ते बघू दे.

तुझी जळकी बहीण,
तोरगिन