मागच्या पाट्यांची जागा

बाबा, आज सकाळी शनिवार पेठेत ती राखाडी गाडी पुन्हा समोर आली. हल्ली मी हेच काम करते. जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक मला बोलावतात, मी ती वरून-खालून तपासते, आधीच्या तपासण्या वाचते आणि लेखी अहवाल देते. कुणाची गाडी आहे हे फोनवर कळलं नव्हतं. बोनेटच्या कडेचा तो जुना पोचा दिसला आणि मी गाडी ओळखली. डॅशबोर्डचा कप्पा उघडला तर तुम्ही करून दिलेली वही आत तशीच होती.

धायरीला आपलं गॅरेज होतं तेव्हा आजूबाजूला शेतं होती, गिऱ्हाईक पत्ता विचारत विचारत यायचं. प्रत्येक जुन्या गाडीची तुम्ही एक वही करायचात. सहा महिन्यांनी गाडी आली की खड्ड्यात उतरायचं आणि छोट्या हातोडीने तिचा तळ मागून पुढे ठोकत यायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला भद्द. "किती वर्षं चालेल हो?" असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मी मिस्त्री आहे, ज्योतिषी तिकडे गावात बसतात." जे स्वतः ठोकलं तेवढंच वहीत लिहायचं, दुसऱ्याच्या तोंडचं नाही, हा तुमचा नेम. डिप्लोमा करून मी गॅरेजात आले त्या पहिल्याच महिन्यात न बघितलेल्या टायरपुढे मी 'ठीक' लिहिलं होतं. तुम्ही ते पान गिऱ्हाइकादेखत टराटरा फाडलंत. "नाही बघितलं तर नाही बघितलं असं लिही. त्यात लाज कसली?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि तरीही. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात तुम्हाला दोन पायऱ्या उतरल्या तरी धाप लागायची. मग मी खड्ड्यात आणि तुम्ही वर खुर्चीवर वही घेऊन, असं काम चालू झालं. ही राखाडी गाडी आली त्या दुपारी मावसबहिणीची हळद होती आणि मला निघायची घाई होती. मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांच्या वरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे बॉडीला धरलेले असतात, तिथे कुणीतरी ताजा डांबरी रंग फासला होता. काळा, गुळगुळीत. हातोडी मारली असती तर रंग डोळ्यांत उडाला असता. मी खालून ओरडले, "ठीक आहे." तुम्ही विचारलंत, "ठोकलंस?" मी हो म्हणाले. तुम्ही आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडचं लिहिलंत, ते माझ्या. 'मागच्या पाट्यांची जागा ठोकून पाहिली, ठीक.' खाली तुमची सही.

आज मी तीच ओळ वाचत उभी राहिले. चौदा वर्षं झाली. तुमच्यानंतर गाडी दोन गॅरेजांत गेली, आणि तिथल्या प्रत्येकाने पुढच्या पानांवर लिहिलंय, 'पाट्यांची जागा मागीलप्रमाणे ठीक.' तुमची सही बघून कुणी हातोडी हातातच घेतली नाही. मालक तेच, आता पंचाहत्तरीचे. मी हातोडी काढली तर म्हणाले, "अहो, तुमच्या वडिलांनी स्वतः लिहिलंय. का आता त्यांचीही परीक्षा घेणार?" गाडी घेणारा मांजरी गावातला एक तरुण, कंपनीत नोकरीला. तो म्हणाला, "मॅडम, हिस्टरी तर एकदम क्लीन आहे ना? रविवारी आम्ही घाटातून कोकणात चाललोय. आई, बायको, पिल्लू, सगळे." पिल्लू म्हणजे चार वर्षांची मुलगी. ती मागच्या सीटवर चढून उड्या मारत होती, बरोबर त्या जागेच्या वर. मी तिला खाली उतरवायला सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला की ती रडायलाच लागली.

गाडी जॅकवर उचलून ठोकळे लावले आणि मी खाली सरकले. बाबा, मला मनापासून वाटत होतं की परत बाहेर यावं आणि 'मागीलप्रमाणे' लिहून घरी जावं. पत्रा धड निघाला तर मी सुटले, पण नाही निघाला तर? चौदा वर्षं ह्या म्हाताऱ्याने बायकोला, नातवंडांना घेऊन ही गाडी चालवली होती. मी हातोडी दोनदा उचलून खाली ठेवली. शेवटी मारली. आवाज असा आलाच नाही. हातोडी आत गेली आणि गंजाचा चुरा माझ्या तोंडावर पडला. भर घाटात पाटा सुटला असता तर मागचं चाक जागेवर राहिलं नसतं.

तरुणाने आत वाकून बघितलं आणि मुलीला कडेवर घेतलं, ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. मालक बराच वेळ वही चाळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "थकले होते हो तुमचे वडील त्या दिवसांत. राहून गेलं असेल त्यांच्याकडून." इतक्या सहज त्यांनी तुम्हाला माफ केलं. मी मान डोलावली.

घरी येऊन अहवाल लिहायला बसले आणि त्याऐवजी हे लिहीत बसले. हे कुठे पाठवता येणार नाही म्हणूनच लिहवतंय. अहवालात खरं घालेन, मालकांना फोनही करेन, निदान आत्ता तसं ठरवलंय. पण अहवालाचा कागद अजून कोरा आहे तो त्यांच्यामुळे नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही खुर्चीवर आणि मी खड्ड्यात, असे दोन महिने गेले बाबा. मी खालून 'ठीक आहे' म्हणून ओरडले ती ही एकच गाडी नव्हती. बाकीच्या कोणत्या, ते मला आठवत नाही.