घरी करून दाखवायचं राहिलं

बाई,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली आणि गेली तेरा वर्षं मी तुमची साडी नेसून पोट भरतो आहे. तुमचीच साडी नव्हे, तसली. फिकट रंगाची, बारीक काठाची, सुती, खांद्यावर पिन लावलेली. कपाळावर तुमच्यासारखं विभूतीचं बोट मात्र ओढत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. टीव्हीवरच्या कार्यक्रमात मी गावाकडच्या केबलवर बातम्या देणारी बाई होतो, आणि आता विमानतळावरसुद्धा लोक 'ओ बातम्यावाल्या बाई' म्हणून हाक मारतात आणि फोटो काढून घेतात. सगळ्यांना वाटतं ही बाई मी डोक्यातून काढली. मुलाखतीत विचारलं की मीही 'निरीक्षण' वगैरे जड शब्द वापरतो आणि विषय बदलतो. तुमचा एक नियम होता, की ज्याची नक्कल करायची त्याला ती आधी त्याच्या घरी जाऊन करून दाखवायची. तुमची नक्कल टीव्हीवर आली तेव्हा तुम्ही लातुरात भावाकडे होतात, चांगल्या हिंडत्याफिरत्या होतात, घरात टीव्ही होता. मी आलो नाही. तुम्ही ती पाहिलीत का, पाहून हसलात का, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. आता कळलंय, म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते विष्णुपुरीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, गॅदरिंगला. मी कंधारचा, दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला, आणि घरी अजून ते सांगितलेलं नव्हतं. स्टेजवर एका मास्तरांची नक्कल करून मी टाळ्या घेतल्या. तुम्ही नांदेडच्या लोकल केबलसाठी बातमी करायला आला होतात, बरोबर खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक घामेजलेला माणूस. कार्यक्रम संपल्यावर मला बोलावून घेतलंत, गाव विचारलंत, आणि कौतुकाचा एक शब्द न बोलता सांगितलंत की शनिवारी दुपारी स्टुडिओत ये, पांढरा शर्ट घालू नको, कॅमेऱ्यात चमकतो. स्टुडिओ म्हणजे कूलर दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. भिंतीला निळा पडदा, समोर टेबल, त्यावर प्लास्टिकची फुलं. आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. मे महिन्यात नांदेडात पंखा बंद करून, पदर सारखा करून, तुम्ही पंधरा मिनिटं बातम्या वाचता आणि तुमच्या कपाळावर एक थेंब दिसत नाही. मी दाराशी उभा राहून बघतो आहे आणि मला कळत नाही की ही बाई घामाला काय सांगून ठेवते.

सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी बातम्या जमवायच्या, स्वतःच्या हातानं लिहायच्या आणि स्वतःच वाचायच्या. केबलच्या मालकाला बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला दोन बातम्यांच्या मधल्या जाहिराती हव्या होत्या. त्याच्याशी भांडून तुम्ही बातम्यांनंतरची पाच मिनिटं माझ्यासाठी मागून घेतलीत. माणसं नळाला पाणी कधी येणार ते ऐकायला बसतात, त्यांना नुसतं पाणी पाजून उठवायचं कामून, असं त्याला म्हणालात म्हणे. शनिवारची कॅसेट रविवारी लातूरच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती द्यायची, की संध्याकाळी तिकडच्या केबलवरही माझं तोंड दिसायचं. दोन जिल्ह्यांत ओळखलं जाण्याचं ते सुख मला पुढे देशभर ओळखलं जाण्यातही मिळालं नाही, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो.

तुमचं सगळ्यात अवघड काम होतं निधनवार्ता. बातम्यांच्या शेवटी गावातले गेलेले लोक वाचायचे असत. कागद घेऊन येणाऱ्यावर तुम्ही विसंबत नव्हतात. त्या घरी फोन लावायच्या, फोन नसला तर शेजारी लावायच्या, माणसाचं पूर्ण नाव, गाव, कोण कोण मागे आहे, लोक त्याला कशी हाक मारायचे, सगळं विचारून घ्यायच्या. मग बाहेरच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत ते पाठ करायच्या, एखाद्या पोरीनं कविता पाठ करावी तसं. आणि रेकॉर्डिंगमध्ये निधनवार्ता आली की चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि थेट कॅमेऱ्यात बघून, कागदाकडे एकदाही न पाहता, नावं सांगायच्या. एकदा मी विचारलं की चष्मा कशाला काढता. तुम्ही म्हणालात, "गेलेल्या माणसाचं नाव कागदात बघून वाचायचं न्हाई. घरचे समोर बसलेले असतात." मी तेव्हा हो म्हटलं. मला ते फार आवडलं होतं, आणि तितकंच फार मजेशीरही वाटलं होतं. ही दुसरी गोष्ट मी तुम्हाला बोललो नाही.

नियम कसा झाला ते आठवतं का? स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारे एक वयस्कर कंट्रोलर होते. त्यांना खोकला होता. मी त्यांची नक्कल केली, गाडीचं नाव झालं की खोकला, फलाटाचा नंबर खोकल्यात बुडालेला, आणि प्रवासी तीन फलाटांवर पळताहेत. तुम्ही त्या आठवड्यात लग्नाला गेला होतात, मालकानं ते परस्पर लावलं. लोक हसून हसून बेजार झाले. मग पोरं स्टँडवर जाऊन त्यांच्या खिडकीसमोर खोकायला लागली, आणि चौथ्या दिवशी ते गृहस्थ रजेवर गेले. तुम्ही परत आल्यावर मला ओरडला नाहीत. रविवारी सकाळी रिक्षात बसवून त्यांच्या घरी नेलंत. त्यांची बायको स्वयंपाकघरात नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होती, वास सुटला होता, आणि जागा नसल्यानं आपण सगळे तिथंच बसलो. तुम्ही सांगितलंत, हाच तो पोरगा, तुमच्यासमोर करून दाखवील. मी दाराकडे पाहिलं. पण तुमच्यापुढे नाही म्हणायची सोय नव्हती. मी गॅसच्या शेगडीशेजारी उभा राहून सगळं केलं, खोकल्यासकट. कोणी हसलं नाही. त्यांच्या बायकोनं परतणं थांबवलं नाही. कंट्रोलर म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा केलं.

मग ते म्हणाले, "खोकताना मी माईक बाजूला करतो. इतकी वर्षं करून राहिलो. तुला तेवढं दिसलं न्हाई का?"

मला खरंच दिसलं नव्हतं. घराबाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात की आता स्टँडवर जा आणि ते कामावर आले की दोन तास त्यांच्याकडे बघत बस. ते सोमवारी कामावर आले. मी बसलो. ते माईक खरोखर बाजूला करायचे, तोंडाला रुमाल लावायचे, मान फिरवायचे, आणि पुन्हा माईक जवळ घेण्याआधी खिडकीतून प्रवाशांकडे असं बघायचे की माफ करा हं. आम्हाला ऐकू यायचा तो दूर नेलेला खोकला होता. पुढच्या शनिवारी मी तो हात, तो रुमाल, ती नजर सगळं घेऊन नक्कल पुन्हा केली. रेकॉर्डिंगला तुम्ही त्यांनाच बोलावलं होतंत. पंखा बंद, ते घामानं निथळत बसलेले, आणि मधेच त्यांना हसू आवरेना आणि हसण्यातून खोकला लागला, तर त्यांनी माईक नसताना हात बाजूला केला. लोक पहिल्याइतकेच हसले. पोरांचं खिडकीसमोर खोकणं मात्र बंद झालं.

त्यानंतरची चार वर्षं मी दोन जिल्ह्यांतली किती स्वयंपाकघरं पाहिली याचा पत्ता नाही. तुम्ही पुढे, मी मागे. बसायला पाट, हातात चहा, आणि मग उभं राहून यजमानाची नक्कल यजमानापुढे. रेणापूरच्या एका किराणा दुकानदारानं शेवटपर्यंत गंभीर चेहऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, समदं बरोबर हाय, फक्त माझा तराजू खरा हाय हे बी त्यात घाल. आपण घातलं, आणि सगळ्यात मोठा हशा तिथंच आला. माणूस जवळून पाहण्याचं जे काही मला येतं ते तिथं आलं. मुंबईत आता तरुण पोरं मला विचारतात की कुठं शिकलात, तेव्हा कूलरच्या दुकानावर असं सांगितलं तर त्यांना विनोद वाटतो.

एकीनं मात्र नाही म्हटलं. मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ मिरच्या विकणारी बाई. तिचं गिऱ्हाइकाला झापणं इतकं तालात होतं की मी महिनाभर ते घोटलं होतं. माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम. तिनं उभ्याउभ्या पाहिलं, हातातली पोती खाली ठेवली आणि म्हणाली, हे माझं पोट हाय, तुजी गंमत न्हाई. तुम्ही परतीच्या वाटेवर म्हणालात, काढ. मी हुज्जत घातली, म्हटलं बाई याच्याइतकं चांगलं मला पुन्हा जमणार नाही. तुम्ही म्हणालात, "असंल. तरी काढ." त्या शनिवारी माझ्या पाच मिनिटांत तुम्ही प्रेक्षकांची पत्रं वाचलीत. मी दोन आठवडे स्टुडिओकडे फिरकलो नाही. तुम्ही निरोपही धाडला नाहीत. तिसऱ्या शनिवारी माझा मीच आलो, तर तुम्ही घड्याळाकडे बघून म्हणालात की उशीर झालाय, शर्ट बदल.

मुंबईत आल्यावर पहिली काही वर्षं मी कोणीच नव्हतो. मग एका कार्यक्रमाची निवड होती, दोन मिनिटं मिळणार होती, आणि माझ्याकडची सगळी माणसं तिथल्या लोकांना परकी होती. मी पदर घेतला, टेबलाशी बसलो आणि 'नमस्कार' म्हणालो तुमच्यासारखं, शेवटचं अक्षर जरा लांबवून. परीक्षक हसले. मग मला निधनवार्ता आठवली. मी चष्मा काढला, आणि चष्मा काढल्यावर बाईंना काही दिसेना, आणि त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कागद निधनवार्ता म्हणून वाचला. जिवंत नगरसेवक, त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलं आणि मोठा मित्रपरिवार. सगळं सभागृह हसून कोसळलं. तेव्हापासून दर भागात कुठेतरी बाई चष्मा काढते. लोक त्याचीच वाट बघत असतात.

परवा लातुरात एका कॉलेजच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. दुपारी जेवायच्या वेळी तुमच्या भावजय भेटायला आल्या. आता त्याही थकल्यात. आपण कोणाच्या कोण हे त्यांनी सांगितलं. मी विचारलं, बाई बघायच्या का. म्हणाल्या, अक्का न चुकता बगायच्या, आमाला बी बसवायच्या. मी विचारलं, हसायच्या का.

"हसायच्या की. लई हसायच्या. पण तुमी चष्मा काढला की अक्का उठून आत जायच्या."

मग त्यांनी आणखी सांगितलं. शनिवार-रविवार आला की तुम्ही पुढची खोली आवरून ठेवायच्या. कोण यायचंय विचारलं तर म्हणायच्या, तो येईल, त्याचं अजून घरी करून दाखवायचं राहिलंय. भावजयींनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एखादी लकब सांगावी तसं हसत सांगितलं, आणि माझ्या ताटात पोळी वाढली. बाई, तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला तुमच्याएवढाच नियमाचा समजून, कार्यक्रम सुरू झाल्यापासून जाईपर्यंतचे आठ महिने, खोली आवरत राहिलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि ते मी कोणाला दाखवणारही नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की शूटिंगमधून सवड झाली नाही. त्या आठ महिन्यांत मी लातूरला दोनदा येऊन गेलो होतो. तुम्ही हसणार नाही अशी भीतीही नव्हती, तुम्ही हसला असतात हे मला ठाऊक होतं. तुम्ही सगळं बघितलं असतंत, पोटभर हसला असतात, आणि मग चष्म्याचं तेवढं काढ म्हणाला असतात, आणि तुमच्यासमोर मला हो म्हणावं लागलं असतं. मला ते सोडायचं नव्हतं. लातूरहून आल्यावर गुरुवारी शूटिंग होतं. टेबलाशी बसलो, नमस्कार म्हटलं, निधनवार्ता आली आणि माझा हात चष्म्याकडे गेला. तुम्ही उठून आत जाताना मला दिसलात. मी चष्मा काढला, हशा आला, आणि बाई, मला बरं वाटलं.