वर फियाट, खाली शिवणक्लास

१४ ऑगस्ट १९९४, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. निवृत्तीनंतर माणूस ढिला पडतो म्हणतात. मी पडणार नाही. मामलेदार कचेरीत हेडक्लार्क होतो, एकही फाइल हातून हरवली नाही. ज्या हरवल्या त्या माझ्या टेबलावर येण्याआधीच हरवल्या होत्या.

आजचा विषय गॅरेज. कुसुमने चहा देता देता जाहीर केलं की दसऱ्याला शिवणक्लास मोठा करणार. बँकेने मशिनं मंजूर केलीत, मुलींची नावं आलीत. इतकी वर्षं ती सोप्यावर एकाच मशिनवर शिकवत होती. आता जागा हवी. घरात रिकामी होण्यासारखी जागा एकच. तिथे माझी फियाट.

गाडीचं काय, असं शांतपणे विचारलं. ती म्हणाली, अहो, जी चालत नाही ती गाडी कसली? कपाट म्हणा.

हे इतिहासाचं अज्ञान. गोवा घटकराज्य झालं त्या दिवशी याच फियाटने मी पणजीला गेलो. येताना ती थकली, खनिजाच्या ट्रकने ओढून डिचोलीला आणली. तेव्हापासून सात वर्षं विश्रांती घेते आहे. बॅटरी दर महिन्याला सगुण मेकॅनिककडून चार्ज करून आणतो. इंजिन बोलत नाही, पण हॉर्न पहिल्यासारखा खणखणीत.

१६ ऑगस्ट. संध्याकाळ.
तोडगा सापडला. सगुणकडे बॅटरी न्यायला गेलो तर टेबलावर कोल्हापूरच्या एका कारखान्याचा कॅटलॉग. गाडी उचलणारी लिफ्ट. चित्रात गाडी वर, आणि खाली टाय लावलेला माणूस हसत उभा. टायवाला उभा राहू शकतो तर मुली बसून शिवू का शकणार नाहीत? वर फियाट, खाली शिवणक्लास. दोघांचं समाधान. एवढी साधी गोष्ट अजून कुणाला सुचली कशी नाही?

सगुणला सांगितलं. तो म्हणाला, बाब, गाडी वयर चडटली, पूण सकयल बसतलें कोण? खाली बसणार कोण, ही त्याची शंका. सगुणला दूरदृष्टी नाही. कॅटलॉग मात्र दिला.

२१ ऑगस्ट, रविवार.
लिफ्ट दोन प्रकारच्या. दोन खांबांची गाडीला बगलेत धरून उचलते, चार खांबांच्या लिफ्टवर दोन लांब लोखंडी फळ्या असतात, गाडी त्यांवर चढून उभी राहते. तुलनात्मक टिपण लिहिलं. दोन खांबांना जागा कमी लागते. चार खांब जास्त विश्वासाचे वाटतात. टिपण इतकं समतोल झालं की निर्णय निघेना.

गॅरेजची उंची स्वतः मोजली. मधोमध उभा राहिलो, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत टेप लावला. भरपूर उंची. माप एकदाच घ्यावं आणि नीट घ्यावं. कुसुम दारातून बघत होती. म्हणाली, मधेच मोजलंत? मी म्हटलं, मग काय रस्त्यात मोजू?

२५ ऑगस्ट.
मुलींच्या आया चौकशीला आल्या. मी योजना समजावली. रुक्मिणीची आई म्हणाली, आणि पडली तर? असे प्रश्न अपेक्षित होते. टेबलावर चार कप उपडे ठेवून वर बिस्किटांचा डबा ठेवला. डबा स्थिर. सगळ्या बघत राहिल्या. तेवढ्यात रुक्मिणीची आई चहा घ्यायला पुढे झाली, टेबल हललं, आणि डबा तिच्या मांडीवर. ती म्हणाली, बरं झालं हो, रिकामा होता.

तेलाचाही प्रश्न निघाला. नव्या ब्लाउजवर वरून तेल गळलं तर? वर प्लास्टिक ताणू म्हटलं. कुसुम आत निघून गेली. आमच्याकडे भांडण कोकणीत होतं, रोजनिशी मराठीत. त्यामुळे ती आतून काय म्हणाली ते इथे येणार नाही.

२८ ऑगस्ट, रविवार.
खांबांचा निर्णय देवावर सोपवला. अंधश्रद्धा नव्हे. दोन्ही बाजू समान असतील तर वरिष्ठांकडे पाठवायचं, ही कचेरीची पद्धत.

देवळात धाकू गुरवाने कौलासाठी मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लिफ्ट हा शब्द गाऱ्हाण्यात बसवताना तो दोनदा अडखळला. बा महाराजा, ह्या तुझ्या लेकरान गाडी वर चढवची म्हणून दोन खांबांचा यंत्र घेतल्यान तर तुझी मान्यता आसा काय? डावी पडली. चार खांब म्हटल्यावर देवाने बराच वेळ घेतला. मी घाम पुसला. मग उजवी.

निघताना कुसुम म्हणाली, माझंही एक विचारायचंय, मनातल्या मनात. पाकळ्या लावून धाकूचा हात मागे येतो न येतो तोच उजवी पडली. काय विचारलंस म्हटलं, तर म्हणाली, झाल्यावर सांगेन. बहुधा माझ्या तब्येतीबद्दल असावं.

४ सप्टेंबर, रविवार.
देवाची यंत्रणा वेगाने चालते. कुसुमचा भाऊ श्रीनाथ खाणीवर स्टोअरकीपर आहे. तिथलं जुनं वर्कशॉप मोडताहेत, त्यात जिपा उचलायची लिफ्ट आहे. चार खांबांचीच! लगेच हो म्हटलं. श्रीनाथ म्हणाला, भावोजी, आधी येऊन बघा तरी. बघायचं काय? कौल झालाय.

९ सप्टेंबर. चवथ.
गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना लिफ्टचा विषय काढायचा नाही, अशी कुसुमची ताकीद. पाळली. फक्त आरतीनंतर पाहुण्यांना थोडक्यात सांगितलं. काही लवकर गेले.

१८ सप्टेंबर, रविवार.
लिफ्ट आली. रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून श्रीनाथने धाडली. सोबत खाणीची लाल धूळ. ती कुसुमच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसली.

लिफ्ट आत न्यायची तर फियाट बाहेर हवी. शेजारी ढकलायला आले, पहिला हात माझा. गाडी फणसाखाली उभी केली. तात्पुरती. ट्रकवाल्यांनी फळ्या आत टाकल्या. मग पहिला खांब भिंतीजवळ उभा करायला घेतला. खांब जातात कोपऱ्यांत, आणि आमचं छप्पर कोपऱ्यात उतरतं. छपराचे चार नळे फुटले आणि खांबाचं टोक बाहेर आलं. शेजारची यशोदाबाई गल्लीतून ओरडली, अगो कुसुम, तुमच्या घराक शिंग फुटलां!

माझं माप बरोबर होतं. चूक छपराची.

२५ सप्टेंबर, रविवार.
श्रीनाथ म्हणतो, खांब कापूया. कापले तर गाडी माझ्या गुडघ्याइतकी वर जाईल. मी म्हटलं, छप्पर उचलूया. त्यावर तो त्याच्या ताईकडे बघायला लागला. संध्याकाळी खांब परत घेऊन गेला. फळ्या राहिल्या, त्या हलवायला त्याच्याकडे माणसं नव्हती.

फळ्या आत आहेत म्हणून फियाट आत जात नाही. तात्पुरतं.

४ ऑक्टोबर.
नळे बसवले. कुसुमने फळ्यांखाली चिरे रचून घेतले. ओल लागू नये म्हणून असेल. नंतर त्यांवर जुन्या चादरी घातल्या. माझ्या वस्तूंची एवढी काळजी ती प्रथमच घेते आहे. फियाटमध्ये यशोदाबाईची कोंबडी बसते. काच वर करायचं ठरवलं. काच वर जात नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा.
क्लास सुरू. भिंतीकडेने मशिनं, मधोमध माझ्या फळ्या. लांब, सपाट, न हलणाऱ्या. कापड पसरून बेतायला असं टेबल सबंध तालुक्यात नाही, असं रुक्मिणीची आईच म्हणाली. इथे नोंद करतो: दोन खांबांच्या लिफ्टला फळ्या नसतात. चार खांबांचीच घ्यायची हा निर्णय अचूक होता.

कुसुमने मशिनांना, कात्र्यांना, फळ्यांना झेंडू वाहिले. आता सांग म्हटलं, देवाला काय विचारलं होतंस? ती हार ओवत होती, वर न बघता म्हणाली, गाडी हे स्वतःच्या हातांनी बाहेर काढतील काय, एवढंच.

उरलेला हार घेऊन फणसाखाली गेलो. फियाटमध्ये मुलींच्या आया बसल्या होत्या, क्लास सुटायची वाट बघत. ड्रायव्हरच्या जागेवर रुक्मिणीची आई. म्हणाली, बाब, या, आत या. बायकांनी सरकून मागे जागा केली. बसलो. सीट अजून उत्तम आहे.

तेवढ्यात कुसुमने गॅरेजच्या दारातून हाक मारली. मुलींना वेळेचं भान राहत नाही, तेव्हा रोज क्लास सुटताना हॉर्न वाजवायचं काम माझं. वेळ चुकवू नका म्हणाली.

आज ती वेळ झालीच होती, पण हात पुढे पोचेना. रुक्मिणीच्या आईला सांगितलं. तिने वाजवला.