गोदाबाईला माफ करू नकोस

बुधवारा, बुऱ्हाणपूर

प्रिय फिलोमिना,

परवा तुझा मेसेज आला. फोनवर चार वेळा उत्तर लिहिलं, चारही वेळा पुसलं, म्हणून आज कागद घेतला. येत्या रविवारी तुमचा दैवी करुणेचा सण. त्या दिवशी मनातलं जुनं सगळं साफ करायचं, म्हणून गोदाबाईला माफ करणार, असं तू लिहिलंस.

हा सण मला तूच सांगितला होतास, तेव्हा आपण राहायचो त्या राजपुऱ्याच्या गल्लीत, तुझ्या ट्यूशनच्या सतरंजीवर मेथी निवडताना. सन एकोणीसशे एकतीसमध्ये पोलंडमधल्या एका साध्वीला येशूचं दर्शन झालं. छातीतून दोन किरण, एक लाल, एक फिकट, म्हणजे रक्त आणि पाणी. असं माझं चित्र काढून घे आणि ईस्टरनंतरचा पहिला रविवार दयेचा ठेव, असं त्यानं सांगितलं. पण सगळ्या चर्चनं तो मानायला सन दोन हजार उजाडलं. देवाची फाईलसुद्धा आपल्या तहसीलसारखीच अडकते गं, म्हणून मी किती हसले होते! मग तू सांगितलंस, त्या दिवशी चर्चमध्ये वाचतात, की संकटात पळालेल्या मित्रांपुढे येशू मेल्यातून उठून परत आला आणि जाब न विचारता आधी शांती असो म्हणाला. मला ते जरा अतीच वाटलं होतं.

तेच चित्र माझ्या तृप्तीच्या दप्तरात सापडलं. पोरीनं गणितात नापास झाल्याचं माझ्यापासून लपवलं होतं. ती तुझ्यापाशी रडली, आणि तू तिला ते चित्र देऊन म्हणालीस, आईला खरं सांग, ती माफ करेल. हे मला महिन्यानं कळलं. तोवर मॅडम पोरं बाटवते, असा गल्लीभर बोभाटा झाला होता. ट्यूशन बंद पडली, घरमालकानं खोली सोडायला लावली, तू खंडव्याला गेलीस. तुझ्या समोरची गोदाबाई तोंडानं फटकळ, म्हणून सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. ती बिचारी 'मैं तो कुछ बोलीच नहीं' सांगत राहिली आणि मी तिथेच मान खाली घालून उभी होते.

फिलू, नळावर बायकांना ते चित्र दाखवून पहिल्यांदा तसं बोलले ती मी. खरं कळल्यावरही चार वर्षं गप्प बसले, कारण तू मला तोडशील असं वाटलं. काल गोदाबाईकडे जाऊन सगळं सांगितलं. तिनं दार लावून घेतलं, बरोबरच केलं. रविवारी तिला माफ करू नकोस, तिनं काही केलेलंच नाही. मला नाही केलंस तरी मी समजेन, पण तुझी माफी चुकीच्या बाईला जायला नको.

अजूनही म्हणू दिलंस तर तुझीच,
शोभा