इनासचं चिलखत काळं करताना

२४ फेब्रुवारी १९८२, राखेचा बुधवार
चर्चमधून मिस्साहून परतताना फादरनी वाटेत गाठलं. गुड फ्रायडेच्या नाटकात यंदा शिपायांची चिलखतं लोखंडी दिसायला हवीत. गेल्या वर्षी अॅल्युमिनियम असं चमकलं की लोक म्हणाले, रोमन शिपाई की भांड्यांचं दुकान. टोमणा मलाच. पत्रे कापून चिलखतं करायचा नाद माझा.
मग हळूच म्हणाले, "इनासचं यंदा पास्कलला घालू. घरी विचार."
भाऊ इनास गेल्या पावसाळ्यात कळंबच्या समुद्रात पोहायला गेला तो गेलाच. प्रेत हाती लागलं नाही. वहिनी अजून त्याच्या नावाने मृतांची मिस्सा लावू देत नाही. तिला काय विचारू?

३ मार्च
विचारलं नाही. माळ्यावरून त्याचं चिलखत काढलं, काळ्या रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर वाकवलं तर पापुद्रे. आधी पॉलिश पेपरने घासायला हवं होतं, आळस नडला.

७ मार्च
घासून बूटपॉलिश. दिसतं झकास. घालून बघितलं तर सदरा काळा, हात काळे. आई म्हणाली, "कोळसे विकाला चाललास का?"
चिलखत मला बरोबर बसतं. इनासचं नि माझं माप एकच. लगेच काढलं.

१४ मार्च
तोड आईनेच सांगितली. "आपल्या विहिरीच्या पान्यानं अंड्यांचा टोप काळा पडतो नं? त्यातच उकळ."
शेजारून लग्नाचं मोठं तपेलं आणलं. अंगणात तीन दगड, दुपारभर जाळ. पत्रा आधी पिवळट, मग करडा, उन्हं उतरेपर्यंत काळा. बाकीच्यांचीही अशीच करणार.
फक्त छातीवर मुठीएवढी जागा पांढरीच. नाटकात क्रुसाखाली "खरोखर हा देवाचा पुत्र होता" म्हणताना इनास तिथेच मूठ आपटायचा. तेलकट हात लागला असेल, दुसरं काय. साबणाने धुऊन पुन्हा उकळलं. तरी पांढरी. भीती वाटली. कुणाला सांगितलं नाही.

४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
घात झाला. ईस्टरआधी आमच्याकडे घरातलं भांडं न् भांडं चिंचेने घासतात. चिलखत तेलाचा हात फिरवून ओट्यावर ठेवलं होतं. चर्चमधून येतो तर लख्ख.
आई म्हणते, भांड्यांत चुकून गेलं असेल.
वहिनी म्हणाली, "चुकून नाही, भाऊजी. मी बायकांत मागे बसते. काळं घातलं तर ते मला दिसणार कसे?"
शेवटी सांगून टाकलं, यंदा पास्कल घालणार आहे. तिने चिंचेचे हात पदराला पुसले.
"पास्कल नको. तुम्ही घाला."

६ एप्रिल
पुन्हा उकळायला अजून वेळ आहे. तपेल्यात पाणी भरलं, पेटवलं नाही.
फादरना सांगून आलो, मी घालतो, नि आहे तसंच. ते म्हणाले, "तिला नसती आशा लावतोयस." कळतं मला. पण तिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि खरं लिहायचं तर मलाही तो एकदा दिसायला हवाय.

९ एप्रिल, गुड फ्रायडे
नाटक उन्हं असतानाच झालं. बाकीचे शिपाई काळे, मी एकटा चमकत. भाला मारला, वाक्य म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. मागे बायकांत वहिनी उभी राहिली. शेजारणीने हात धरून खाली ओढलं तरी बसली नाही.
घरी आलो तो चिलखत अंगावरच. पट्ट्या पाठीमागे, एकट्याला सुटत नाहीत. वहिनी चुलीपाशी पेज वाढत होती. पावलं ऐकली असतील, वळली नाही.
"अहो, पेज निवतेय."
लग्न होऊन आली तेव्हापासून मला भाऊजीच म्हणते. आई दारात थबकली. माझ्याकडे बघत राहिली, मी काय बोलतो म्हणून.
मी ओ दिली.