‘लेखकांचं शहर’, प्रकरण चौथे

४ जून २००६, लीड्स

बाबा नागपूरहून पोचले. बॅगेत दोन शर्ट, एक माकडटोपी (जूनमध्ये!) आणि बाकी सगळं हस्तलिखित. स्कॉटलंडचा इतिहास, मराठीत, नऊ वर्षांची मेहनत. कोर्टातून स्टेनो म्हणून रिटायर झाले, काही वर्षांनी रद्दीवाल्याकडे एक फाटकं इंग्रजी पुस्तक सापडलं, तेव्हापासून हेच वेड. प्रकाशक दिवाळीला काढतो म्हणालाय. प्रस्तावना तेवढी हवी. ती आमच्या शेजारच्या मि. किनीअर यांची! मीच फोनवर सांगून बसले ना, शेजारी स्कॉटिश लेखक राहतात म्हणून. वय चौऱ्याऐंशी, एकटे. त्यांच्या हॉलमध्ये त्यांच्या आजोबांच्या वेळची पितळी पाटी: ‘किनीअर, रायटर’. घराण्यातच लेखन.

बाबा शहात्तर. छातीचं दुखणं आहेच. “पुस्तक हातात घेतलं की सुटलो,” म्हणतात. असलं बोललेलं मला आवडत नाही.

७ जून

शेजारी गेलो. बाबांनी टाय लावला. मी विचारलं, तुमचं कुठलं पुस्तक आधी वाचू? मि. किनीअर खोकला येईपर्यंत हसले. पुस्तक? एकही नाही. स्कॉटलंडात वकिलाला रायटर म्हणायची जुनी पद्धत! आजोबा वकील, वडील वकील, हेही वकील. पर्थमध्ये जन्मभर लोकांची मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद केले. बायको यॉर्कशायरची, म्हणून म्हातारपणी इकडे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाबा हसले नाहीत. चहा तसाच ठेवला. घरी येऊन थेट चौथं प्रकरण काढून बसले.

८ जून

आता कळलं. चौथं प्रकरण ‘लेखकांचं शहर’, म्हणजे पुस्तकाचा जीव. त्या फाटक्या पुस्तकात एडिंबरा आलं की पानापानावर रायटर भेटतात. बाबांनी सगळीकडे ‘लेखक’ केलंय. घराचे कागद लेखकाकडे, मृत्युपत्र लेखकाकडे, भाऊबंदकी मिटवायला लेखक. वर बाबांचं भाष्य: ‘आपल्याकडे लेखकाला कोणी घर भाड्याने देत नाही, तिथे लोक अख्खं घर त्याच्या स्वाधीन करतात.’ अशी बेचाळीस पानं; ‘वकील’ घातलं की सगळी कोसळतात. वाचताना हसू आलं, मग रडू.

बाबा: “नागपुरात कोणाला कळतंय? जाऊ दे तसंच.”

दहा मिनिटांनी: “पण मला कळलंय ना.”

१४ जून

रोज अकरा ते एक बाबा शेजारी. एक मराठी वाक्य वाचायचं, लगेच इंग्रजी करायचं. कि. डोळे मिटून ऐकतात, चूक दिसली की काठी आपटतात. बाबांचं इंग्रजी सगळं कोर्टातलं. “आय हंबली सबमिट” म्हटलं की कि. खूश.

आज बाबा उड्या मारत आले. स्कॉटलंडात तिसरा निकाल असतो म्हणे. दोषी नाही, निर्दोषही नाही, सिद्ध झालं नाही: नॉट प्रूव्हन. “आयुष्यभर डिक्टेशन घेतलं, असा निकाल एकदाही नाही!” आता घरात सगळ्याला तेच. वरण खारट झालं का? नॉट प्रूव्हन.

२१ जून

प्रस्तावनेचं मीच विचारलं. कि. म्हणाले, आनंदाने लिहीन, पण चौथं प्रकरण असं असेल तर नाही. “चूक आहे हे माहीत असलेल्या कागदावर मी कधी सही केलेली नाही.”

भयंकर राग आला. बाबांना दिवाळीला पुस्तक बघायचंय, त्यांच्याकडे काय वेळ पडलाय? आणि हा माणूस एका शब्दासाठी... संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना दिसले, मी बोलले नाही.

बाबा उलट माझ्यावरच चिडले. “त्यांचं बरोबर आहे. सहीला किंमत असते.”

२९ जून

सकाळी बाबांनी कप एकदम खाली ठेवला. “मेधा, दस्तलेखक!”

कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन वानखेडे बसायचे. खरेदीखत, वाटणीपत्र, सगळं त्यांच्या हातचं. पाटीवर ‘दस्तलेखक’. “इतकी वर्षं रोज रामराम केला गं त्यांना, आणि शब्द आठवला नाही! फावल्या वेळात कविता करायचे. म्हणजे दोन्हीकडून लेखकच.”

स्लिपर घालून तसेच शेजारी पळाले. कि. म्हणाले, एडिंबराचे कितीतरी ग्रंथकारही पोटासाठी वकिलीच करत, तेव्हा तुम्ही अर्धे बरोबरच होतात. दोघं नवं प्रकरण आखायला बसले. माझा राग कुठे गेला कळलं नाही. दुपारी दोघांना थालीपीठ नेऊन दिलं. कि.नी तीन खाल्ली.

१५ जुलै

बाबा नागपूरला परत निघाले. कि. काठी टेकत फाटकापर्यंत आले. दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ सोडलेच नाहीत. मी टॅक्सीवाल्याला उगाच रस्ता समजावत बसले.

९ सप्टेंबर

बाबांचा फोन. प्रकाशकाला सांगून टाकलं, दिवाळी नाही. नवं प्रकरण फुगतंय, वानखेड्यांच्या मुलाला शोधून जुन्या वह्या आणल्यात. निदान दीड वर्ष अजून. मला छातीचं विचारायचं होतं, धीर झाला नाही.

मग तेच म्हणाले: “ते असतील ना गं तोवर?”

खिडकीतून कि. दिसत होते, गुलाब छाटत. हात फार थरथरतो हल्ली. म्हटलं, असतील.

“मग मीही आहे म्हणून सांग त्यांना.”

कपडे वाळत घालते आणि जाते सांगायला.